पाकिटावर ‘बेक्ड’ लिहिलंय, पण तेल कुठून आलं? कुरकुरीत खाऊ निवडण्याची पायरीवार पद्धत

‘तळलेले नाही’, ‘ओव्हनमध्ये भाजलेले’, ‘हवेवर फुलवलेले’, ‘केटल-कुक्ड’. कुरकुरीत खाऊच्या रांगेपुढे उभं राहिलं की प्रत्येक पाकीट आपण कसे पथ्याचे आहोत हे ओरडून सांगत असतं. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बिघडल्यावर पाकिटं उलटी करून वाचायची मला सवय लागली, आणि हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. पुढच्या बाजूला छापलेल्या पद्धतीच्या नावावरून फारसं काही कळत नाही. त्या नावावरून एक प्रश्न मात्र विचारता येतो: यात तेल नेमकं केव्हा शिरलं? त्याचं उत्तर शोधलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे कुठलं तेल, किती रंग आणि किती मीठ. पहिल्यांदाच लेबल वाचायला बसणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहितोय.

हाताशी काय हवं

- एकाच जातीची दोन-तीन पाकिटं (बटाट्याचे चिप्स बटाट्याच्या चिप्सशीच ताडून बघा, बदामाशी नको)
- फोन: बारीक छपाईचा फोटो काढून मोठा करायला आणि हिशेबाला
- स्वयंपाकघरातला वजनकाटा
- पांढरा टिश्यू पेपर

१. पाकीट उलटं करा आणि ‘प्रति १०० ग्रॅम’चा रकाना धरा

मागच्या तक्त्यात बहुतेकदा दोन रकाने असतात, एक १०० ग्रॅमचा आणि एक ‘सर्व्हिंग’चा. तुलना नेहमी पहिल्यावरून करायची. सर्व्हिंग किती ग्रॅमची धरायची यात कंपनीला बरीच मोकळीक असते. एकाची सर्व्हिंग २० ग्रॅमची आणि दुसऱ्याची ३० ग्रॅमची असेल, तर २० वाल्याचे आकडे उगाचच सोज्वळ दिसतात. १०० ग्रॅमचा रकाना नसेल तर सर्व्हिंगच्या आकड्याला सर्व्हिंगच्या वजनाने भागा आणि १०० ने गुणा.

पाच आकडे टिपा: ऊर्जा, एकूण फॅट, सॅच्युरेटेड (संपृक्त, कोलेस्टेरॉल वाढवणारं) फॅट, सोडियम (किंवा मीठ) आणि फायबर. बाकीचे सध्या सोडून द्या.

२. तेल कोणत्या दाराने आत आलं ते ओळखा

सगळ्या लेखात इथेच थोडा वेळ काढा. कुरकुरीत पदार्थात तेल शिरायच्या तीन वेळा असतात: पीठ मळताना, कढईत, किंवा सगळं तयार झाल्यावर वरून फवारताना. पाकिटावरची पद्धत यातल्या एकाच दाराबद्दल बोलते.

*तळलेले चिप्स.* कच्च्या बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं, तयार चिप्समध्ये ते जेमतेम २ टक्के उरतं. साधारण १७० ते १९० अंश सेल्सियस तापलेल्या तेलात काप पडला की पाण्याची वाफ होऊन ती जोराने बाहेर पडते, आणि तिचा दाब असेपर्यंत तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. खरी गोम पुढे आहे. काप बाहेर काढला की आतली वाफ थंड होते, दाब पडतो आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल छिद्रांमधून आत ओढलं जातं. तेलाचा बराचसा वाटा असा तळणं संपल्यावर मुरतो. म्हणून काही कारखान्यांत काप गरम असतानाच गरगर फिरवून किंवा वाफेचा झोत मारून वरचं तेल काढून टाकतात. तरीही साध्या तळलेल्या चिप्समध्ये १०० ग्रॅममागे ३० ते ३६ ग्रॅम फॅट सापडतं, म्हणजे वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा. काप जितका पातळ तितका वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, आणि तेलही जास्त.

*केटल चिप्स.* इथे बटाटे थोडेथोडे करून घाण्याने तळतात. गार काप पडले की तेलाचं तापमान खाली येतं आणि मग सावकाश चढतं. चिप्स जाड आणि टणक होतात, चवीला मला तर हेच जास्त आवडतात. पण फॅटचा आकडा बहुतेकदा साध्या चिप्सच्या आसपासच असतो. या नावामुळे आरोग्याच्या खात्यात काही जमा होत नाही.

*व्हॅक्यूममध्ये तळलेले.* हवेचा दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे तेल १२० अंशांच्या आत ठेवूनही तळता येतं. फळांचे आणि भाज्यांचे चिप्स असे करतात. रंग टिकतो, करपत नाही, आणि पाचव्या पायरीत ज्याबद्दल सांगणार आहे ते रसायनही कमी तयार होतं. तेल मात्र शिरतंच. बिटाचा किंवा गाजराचा रंगीत काप दिसला म्हणून फॅटचा आकडा न बघता टोपलीत टाकू नका.

*बेक्ड चिप्स.* हे बरेचदा बटाट्याचे कापच नसतात. सुकवलेल्या बटाट्याचा चुरा, स्टार्च आणि तेल यांचं पीठ लाटून, आकार कापून ओव्हनमध्ये भाजतात. घटकांची यादी वाचली की कळतं: पहिलं नाव ‘बटाटा’ असेल तर काप, ‘बटाट्याचे फ्लेक्स’ किंवा ‘सुका बटाटा’ असेल तर पीठ. फॅट साधारण १२ ते १८ ग्रॅमपर्यंत उतरतं, आणि ही बचत खरी आहे. ती नाकारायचं कारण नाही.

*क्रॅकर्स.* हेही भट्टीत भाजलेले, पण खुसखुशीतपणासाठी पिठात फॅट घालूनच मळलेले; काहींवर भट्टीतून बाहेर आल्यावर आणखी तेल फवारतात. २० ग्रॅमच्या पुढे फॅट गेलेले क्रॅकर्सही सर्रास मिळतात. ‘बेक्ड’ या शब्दाने सगळ्यात जास्त चकवतात ते हे.

*यंत्रातून फुलवलेले.* मक्याचं किंवा तांदळाचं पीठ दाबाखाली, स्क्रूने रेटत, तापवत नेतात आणि बारीक भोकातून बाहेर सोडतात. दाब एकदम सुटला की पिठातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तुकडा फुगतो. या क्रियेला तेल जवळजवळ लागतच नाही. पण असा कोरडा तुकडा चवीला भुसकट असतो आणि त्यावर मसाला टिकत नाही. म्हणून पुढे फिरत्या पिंपात त्यावर तेल आणि मसाला फवारतात. परिणामी कढई न बघितलेल्या खाऊतही २५-३० ग्रॅम फॅट निघतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच. यातले काही प्रकार फुलवल्यावर तळतातही, तेव्हा ‘पफ्ड’ या शब्दावरून काहीच गृहीत धरू नका.

*पॉपकॉर्न.* मक्याच्या दाण्यात १४ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. दाणा १८० अंशांजवळ पोहोचला की आतल्या वाफेने टरफल फुटतं. नुसत्या गरम हवेवर फुलवला तर १०० ग्रॅममागे फॅट ४-५ ग्रॅम आणि फायबर १४ ग्रॅमच्या वर, कारण अख्खं धान्य कोंड्यासकट आपल्या पोटात जातं. फक्त पाकिटातला तयार पॉपकॉर्न क्वचितच असा असतो. मीठ चिकटायला तिथेही तेल लागतं, आणि कॅरॅमलचा असेल तर साखरेचा थर वेगळा.

*दाणे आणि सुकामेवा.* ‘ड्राय रोस्टेड’ बदाम की तेलात भाजलेले, यावर लोक तासन् तास वाद घालतात. कच्च्या बदामातच १०० ग्रॅममागे ५० ग्रॅम फॅट असतं. दाणा घट्ट असल्याने तेलात भाजला तरी त्यात दोन-चार ग्रॅमच भर पडते. त्या फॅटचा मोठा भाग असंपृक्त, म्हणजे हृदयाला सोसणारा. इथे पद्धत सोडा आणि मीठ-साखरेचा थर बघा. भाजलेले हरभरे या वर्गातले माझे सगळ्यात लाडके: फॅट कमी, प्रथिनं आणि फायबर भरपूर.

*फ्रीझ-ड्राय फळं.* गोठवून, निर्वातात बर्फाची थेट वाफ करून सुकवलेली. तेल नाही, मोठी उष्णता नाही, क जीवनसत्त्वही बऱ्यापैकी टिकतं. पाणी गेल्यामुळे फळातली साखर मात्र एकवटते, मूठभर कधी संपतं कळत नाही.

स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर टिश्यूचा प्रयोग करा. तळलेले पाच-सहा चिप्स टिश्यूच्या घडीत ठेवा, वाटीच्या बुडाने चुरडा आणि दहा मिनिटं राहू द्या. कागद उजेडासमोर धरला की तेलाचा पारदर्शक नकाशा दिसतो. फुलवलेल्या मसालेदार काड्यांचाही डाग पडतो, त्यात मसाल्याची नारिंगी पूड चिकटलेली असते. ते फवारलेलं तेल. क्रॅकरचा कागद मात्र बराचसा कोरडा राहतो, तक्त्यात २० ग्रॅम फॅट लिहिलेलं असलं तरी. ते फॅट पिठात बांधलेलं असतं, बोटांना लागत नाही. ‘हाताला तेलकट लागत नाही, म्हणजे हलकं’ हा ठोकताळा इथेच मोडतो.

३. कॅलरीला तळ असतो, हे लक्षात घ्या

फॅट निम्म्याहून कमी झालं म्हणजे कॅलरीही निम्म्या झाल्या, असं वाटणं साहजिक आहे. हिशेब करून बघा. एक ग्रॅम फॅटच्या ९ किलोकॅलरी, पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनांच्या ४. तळलेले चिप्स १०० ग्रॅममागे ५४० च्या आसपास असतात, बेक्ड ४३० च्या. फॅट २० ग्रॅमनी उतरलं, पण कॅलरी पाचव्या हिश्शानेच उतरल्या, कारण काढलेल्या तेलाची जागा स्टार्चने भरली.

कुरकुरीत म्हणजे कोरडं, आणि कोरडं म्हणजे वजनाला भारी ऊर्जा. तेलाचा थेंबही नसलेला तांदळाचा फुलवलेला केकसुद्धा १०० ग्रॅममागे ३८० च्या घरात असतो. त्यामुळे या सगळ्या रांगेतला आकडा साधारण ३८० ते ५६० च्या मधेच फिरतो, आणि दाणे-सुकामेवा त्याच्याही वर जातो. वजन कमी करायचं असेल तर पाकीट बदलण्यापेक्षा घास मोजल्याने जास्त फरक पडतो.

फुलवलेल्या पदार्थांची आणखी एक बाजू आहे. दाब आणि उष्णतेने स्टार्च इतका मऊ शिजतो की पचायला वेळच लागत नाही, आणि तांदळासारख्या धान्याचे फुलवलेले प्रकार रक्तातली साखर भराभर वर नेतात. मधुमेह असलेल्यांनी ‘फॅट ३ ग्रॅम’ वाचून खूश होऊ नये, फायबरच्या ओळीकडे जावं. ‘कोडेक्स अलिमेन्टेरियस’ या आंतरराष्ट्रीय खाद्यमानकानुसार १०० ग्रॅमला ३ ग्रॅम फायबर असेल तर ‘फायबरचा स्रोत’ म्हणता येतं आणि ६ ग्रॅमला ‘भरपूर फायबर’. मी ६ च्या वरचं शोधतो.

४. कुठलं तेल, हे घटकांच्या यादीत बघा

पाम तेलातलं जवळपास निम्मं फॅट सॅच्युरेटेड असतं, सूर्यफूल तेलात ते दहा-अकरा टक्के, खोबरेल तेलात ऐंशीच्या वर. आता दोन पाकिटं कल्पून बघा. एकात पाम तेल वापरलेला भाजलेला खाऊ, फॅट १४ ग्रॅम. दुसऱ्यात सूर्यफूल तेलात तळलेले चिप्स, फॅट ३४ ग्रॅम. पहिल्यात सॅच्युरेटेड फॅट ६-७ ग्रॅम निघेल, दुसऱ्यात पावणेचारच्या आसपास. कॅलरीत भाजलेलं सरस, कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने तळलेलं. कोणतं घ्यायचं हे तुमच्या डॉक्टरांनी कशावर बोट ठेवलंय त्यावर ठरेल. यादीत नुसतं ‘खाद्य वनस्पती तेल’ लिहिलं असेल तर सॅच्युरेटेडच्या आकड्याला एकूण फॅटच्या आकड्याने भागा, उत्तर ०.४ च्या पुढे गेलं तर बहुधा पाम.

ट्रान्स फॅट म्हणजे हृदयाला सगळ्यात घातक मानलं जाणारं फॅट. त्याचा उगम मुख्यतः अंशतः हायड्रोजनीकृत तेलात असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली कारखान्यात तयार होणारं ट्रान्स फॅट जगातल्या अन्नातून घालवण्याची हाक दिली. एकूण फॅटच्या १०० ग्रॅममागे २ ग्रॅम ही त्यांनी सांगितलेली मर्यादा. काही देशांत एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य छापता येतं. म्हणून शून्य दिसलं तरी यादीत ‘अंशतः हायड्रोजनीकृत’ हे शब्द शोधा. सापडले तर पाकीट परत ठेवा, बाकी कितीही चांगलं असो.

५. रंग बघा

पिष्टमय पदार्थ १२० अंशांवर कोरडे होत जातात तेव्हा त्यातली साखर आणि अ‍ॅस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल यांच्यात क्रिया होऊन अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. तळणीच्या खाऊत ते सापडतं हे स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ साली जाहीर केलं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याआधीच, १९९४ मध्ये, त्याला ‘माणसांत बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं होतं. हे वर्गीकरण मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून झालं. माणसांच्या आहाराच्या अभ्यासांत निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत. घाबरून जायचं कारण नाही, पण दुर्लक्षही नको, मुलांच्या बाबतीत तर नकोच.

हे रसायन तेलामुळे होत नाही, उष्णता आणि कोरडेपणामुळे होतं. ओव्हनमध्ये जास्त वेळ भाजलेल्या चिप्समध्ये ते तळलेल्यांपेक्षा जास्तही निघू शकतं. युरोपीय संघाने २०१७ च्या नियमात बटाट्याच्या चिप्ससाठी किलोमागे ७५० मायक्रोग्रॅमची पातळी ठरवली, आणि ती कापांच्या व पिठाच्या, दोन्ही चिप्सना सारखीच लागू आहे.

लेबलवर याचा आकडा नसतो, म्हणून डोळ्यांवर भिस्त ठेवा. फिकट सोनेरी चांगला, तांबूस-तपकिरी नको. पाकिटात कडा करपलेले एक-दोन काप येतातच, ते सरळ बाजूला काढा. रताळं आणि बीट यांत मुळातच साखर जास्त असल्याने त्यांचे चिप्स लवकर काळवंडतात. पाकीट पारदर्शक नसतं, त्यामुळे ही तपासणी पहिलं छोटं पाकीट फोडूनच करावी लागते. एखादा ब्रँड सतत गडद निघत असेल तर तो बदला.

६. मिठाचा हिशेब वेगळा मांडा

पद्धत कुठलीही असो, मीठ कमी होईलच असं नाही. तेल कमी केल्यावर चव भरून काढायला मीठ आणि मसाला वाढवलेलाही दिसतो. सोडियमचा आकडा २.५ ने गुणा की मीठ मिळतं: १०० ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात जेवणातलंही आलं.

क्रॅकर्स इथेही लपंडाव खेळतात. चिप्सवरचं मीठ जिभेला थेट लागतं, म्हणून ‘खारट आहे’ हे कळतं. क्रॅकरमधलं पिठात मिसळलेलं असतं, शिवाय फुगवण्यासाठी घातलेल्या खाण्याच्या सोड्यातूनही सोडियम येतं. चव सौम्य, आकडा मोठा.

७. दाव्यांचे सापळे

‘३० टक्के कमी फॅट’ वाचलं की पुढचा प्रश्न: कशापेक्षा कमी? बहुतेकदा त्याच कंपनीच्या साध्या चिप्सपेक्षा. ३४ चे २४ झाले तरी २४ हा आकडा मोठाच. कोडेक्सनुसार ‘लो फॅट’ म्हणायला १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमच्या आत यावं लागतं. कुरकुरीत खाऊत ते फार थोड्यांना जमतं.

‘भाज्यांचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हिरव्या-लाल काड्यांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिली दोन-तीन नावं बटाट्याचा स्टार्च, मक्याचं पीठ आणि तेल, आणि पालकाची पूड मिठाच्याही नंतर, असं असेल तर पालक फक्त रंगापुरता. ‘मल्टीग्रेन’लाही हाच नियम: अख्ख्या धान्याचं पीठ पहिलं आहे का बघा.

८. घरी आणल्यावर

वजनकाट्यावर एकदा ३० ग्रॅम मोजून तुमच्या नेहमीच्या वाटीत ओता आणि कुठपर्यंत भरते ते बघून ठेवा. चिप्स, क्रॅकर आणि पॉपकॉर्न यांची ३० ग्रॅमची पातळी इतकी वेगवेगळी येते की चकित व्हाल. हवेवरच्या पॉपकॉर्नला तर एक वाटी पुरत नाही. फुलवलेल्या खाऊचा खरा फायदा असलाच तर तो इथे, तेवढ्याच वजनात भांडं मोठं दिसतं. मोठ्या पाकिटातून थेट खायला बसू नका, वाटीत काढा.

न फोडलेल्या पाकिटात बहुतेकदा नायट्रोजन भरलेला असतो, म्हणून तेल लवकर खवट होत नाही. फोडल्यावर हवा, उजेड आणि दमट हवा तिन्ही कामाला लागतात. खाऊ नुसता मऊ पडला असेल तर तो पाकिटातून काढून ओव्हनमध्ये पाच मिनिटं मंद गरम केला की पुन्हा कुरकुरीत होतो, कारण गेलेला कोरडेपणा परत येतो. जुन्या ऑइल पेंटसारखा किंवा साठलेल्या तेलासारखा वास येत असेल तर ते तेल बिघडलंय; ते गरम करून सुधारत नाही, टाकून द्या. आणि एअर-फ्रायरमध्ये फिरवून तळलेल्या चिप्समधलं तेल काढता येतं का, असं अनेकजण विचारतात. वरवरचं थोडं गळेल, पण छिद्रांत मुरलेलं तिथेच राहतं, आणि काप आणखी तपकिरी होतो तो वेगळाच.